आधी ओ, मग हाक

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येतात. चांगल्या येतात. यंदा शाळेच्या नाटकात मुख्य भूमिका माझी होती आणि माझा आवाज ऐकून शेवटच्या रांगेतलं झोपलेलं बाळ उठून रडायला लागलं होतं. त्यामुळे "ही काय, काहीही फेकते" असं कुणाला वाटलं तर माझा राग नाही.

पण ही रचलेली नाही.

रचलेली असती, तर मी तिला नीट शेवट लावला असता.

शनिवार होता. शाळा लवकर सुटलेली. दुपार संपत आली होती, म्हणजे भुतंखेतं अजून अंथरुणात आळोखेपिळोखे देत असतील अशी वेळ. जागा, आमचं घर. तळमजल्यावरची पुढची खोली.

पुढची खोली म्हणजे बाबांचं वर्कशॉप. बाबा पियानो दुरुस्त करतात, त्यांचे सूर जुळवून देतात. आमच्याकडे पाहुणे आले की थेट स्वयंपाकघरात बसतात, कारण बसायच्या खोलीत आधीच पियानो बसलेले असतात.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पियानोच्या पोटात तारा असतात. प्रत्येक तारेवर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक छोटा ठोकळा टेकलेला असतो, म्हणून ती गप्प राहते. उजवं पेडल दाबलं की सगळे ठोकळे एकदम उचलले जातात. तारा मोकळ्या होतात. अशा वेळी पियानोत तोंड घालून ओरडलात, तर तो तुमच्याच आवाजात ओ देतो. शब्द येत नाहीत, पण सूर तुमचाच. आवाज घोगरा असेल तर घोगरा. भिंतीपलीकडून कुणीतरी आपली नक्कल करतंय असं वाटतं.

यात भुताटकी काही नाही. सगळ्या पियानोंत होतं. लहानपणी मी यावर मैत्रिणींना खूप घाबरवलंय.

बाबांची कामाची पद्धत यावरच आहे. नवा पियानो आला की ते पेडल दाबतात, ते दाबलेलंच राहावं म्हणून वर लाकडी पाचर ठोकतात, आणि आत वाकून "होऽऽऽ" करतात. मग कान देऊन ऐकतात. कुठल्या तारा ओ देतात, कुठल्या रुसल्यात. डॉक्टर 'आ करा' म्हणतात, तसं.

आणि काम झालं की पाचर काढायची. न चुकता.

"मोकळा सोडून उठू नये," बाबा म्हणायचे. "उगाच कान देत बसतो."

गमतीनं म्हणायचे.

त्या शनिवारी खोलीत जो होता, तो एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचा पियानो. बाई वारल्या होत्या. त्यांच्या मुलीला तो स्वतःच्या घरी न्यायचा होता, म्हणून आधी आमच्याकडे पाठवलेला. काळपट तपकिरी, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. बाबा त्याच्यात मान घालून बसले होते. पाचर ठोकलेली होती.

बाहेर आभाळ एकदम दाटून आलं. पाऊस नाही. एक थेंबही नाही. नुसता अंधार.

गच्चीवरून आईची हाक आली. "अहो, कपडे! वारा बघा कसा सुटलाय! चादरी उडतील!"

बाबा उठले आणि तसेच धावले.

पाचर राहिली.

मी आतून आले ती खिडकी लावायला. आमची ती खिडकी म्हणजे एक नमुना आहे. लोखंडी कडी, कायम अडकणारी. मी दोन्ही हातांनी कडी ओढत होते आणि तिला मनात नाही नाही ते बोलत होते.

तेवढ्यात वारा पडला.

एकदम... कुणी बटण बंद करावं तसा.

समोरच्या झाडावरची पाखरं गप्प झाली. रस्त्यावर कुणी नव्हतं. माझ्या हातांवरचे केस उभे राहिले. मला वाटलं, वाऱ्यानं.

पण वारा नव्हताच.

आणि मग... माझ्या पाठीमागून...

"टिटवेऽऽऽऽ!"

बाबांचा आवाज. मी लहानपणापासून बडबडी, म्हणून बाबा मला टिटवी म्हणतात. हाक मारताना सुरुवातीला आवाजाची उडी मारतात आणि शेवट लांबवतात. जगात दुसरं कुणी अशी हाक मारत नाही. पण अशी हाक मी त्यांच्याकडूनही कधी ऐकली नव्हती. इतकी मोठी. आणि शेवटी फुटलेली. काच फुटते तशी.

मी कडी सोडली. वळले. आतल्या दाराकडे पळाले.

आणि सगळं पांढरं झालं.

एरवी वीज आधी चमकते, मग गडगडते. मधे दचकायची तयारी करायला थोडा वेळ मिळतो. इथे मधे काही नव्हतंच. प्रकाश आणि आवाज एकच. तो आवाज मी कानांनी ऐकला असंही म्हणता येणार नाही. दातांनी ऐकला. बरगड्यांनी ऐकला.

भानावर आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते. कानांत नुसती शिट्टी. जळक्या वायरचा वास.

खिडकीची कडी चौकटीला वितळून चिकटली होती. छतावरच्या अँटेनाची तार भिंतीवरून खाली येते ना, तिथपासून कडीपर्यंत काळा ओरखडा. आणि मी उभी होते त्या जागी काचा. पडलेल्या नाही. फरशीच्या फटींत उभ्या रुतलेल्या.

कानांतली शिट्टी जरा कमी झाली तेव्हा दुसरा आवाज कळला.

पियानो गुणगुणत होता.

सगळ्या तारा एकदम. मंद. थांबतच नव्हता.

बाबा धावत आले, खांद्यावर चादर, मागे आई. आईनं मला चाचपून पाहिलं, हात, पाय, डोकं, कान. बाबांनी मला पाहिलं, काचा पाहिल्या, आणि मग वाकून पाचर उपटली. ठोकळे तारांवर बसले.

आवाज थांबला.

पण... लगेच नाही.

स्वयंपाकघरात आईनं मला गरम दूध दिलं. आई औषधांच्या दुकानात काम करते, पण घरात तिचं औषध एकच.

"नशीब बाबांनी हाक मारली," मी म्हणाले. "नाहीतर आज माझा पापड झाला असता."

आई म्हणाली, "कधी मारली हाक?"

"वीज पडायच्या आधी. केवढ्यानं ओरडले!"

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अगं, ते माझ्यासोबत गच्चीवर होते. चादरीचं दुसरं टोक धरून."

"मग गच्चीवरून ओरडले असतील."

"कसे ओरडतील?" आई म्हणाली. "त्यांच्या तोंडात चिमटे होते. कपड्यांचे. चांगले मूठभर."

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक चिमटा काढला आणि टेबलावर ठेवला. लाकडी. त्यावर दातांच्या खुणा होत्या. वीज कडाडली तेव्हा ते दचकून चावले होते.

"मी हाक मारली नाही गं," ते म्हणाले. "मारायला हवी होती. पण नाही मारली."

तिथून ते सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा कामाला बसले. मी शेजारी स्टुलावर. त्यांनी पाचर ठोकली, आत वाकले.

"होऽऽऽ..."

आवाज आला. मंद, घोगरा, बाबांचा.

पण बाबांचं तोंड बंद होतं.

मग त्यांनी तोंड उघडलं. "होऽऽऽ," ते म्हणाले. आणि पियानोनं ओ दिली नाही. तारा गप्प.

"टिटवे, चेष्टा पुरे," बाबा म्हणाले.

"मी कुठे काय केलं? तुम्हीच केलंत!"

"मी आत्ता केलं. आधी कुणी केलं?"

आम्ही दोघं पियानोकडे बघत राहिलो. मग बाबा म्हणाले, "वीज जवळ पडली, कान अजून ठिकाणावर नाहीत." आईनं कानात घालायचे थेंब आणून दिले. आम्ही दोघांनी शहाण्यासारखे घालून घेतले.

थेंबांनी काही झालं नाही.

आता, मी घाबरून पांघरुणात शिरणाऱ्यातली राहिलेली नाही. मागच्या वर्षीची मी असते तर शिरले असते. यंदाच्या मीनं ठरवलं, याला फसवायचं. बाबा बाहेर गेले तेव्हा मी पाचर ठोकली आणि पियानोसमोर हाताची घडी घालून उभी राहिले. ठरवलं होतं, उंच सुरात ओरडायचं मनात आणायचं, आणि ऐन वेळी गप्प बसायचं. बघू आधी ओ कुठून देतो ते!

मी श्वास घेतला.

पियानोतून आवाज आला... पण तो माझा उंच सूर नव्हता. विचित्र काहीतरी. आधी ओढल्यासारखं, मग फटकन सुटल्यासारखं. सगळ्या तारा झणझणल्या.

हे काय म्हणून मी आत वाकले. आतली जुनी धूळ नाकात गेली.

आणि मला शिंक आली.

तीच. तशीच. आधी ओढलेली, मग फटकन.

हुंदका खोटा काढता येतो, हसू खोटं काढता येतं, नाटकात मी दोन्ही काढलीयेत. पण मला जी शिंक येणार आहे हे मलाच माहीत नाही, ती याला कशी माहीत?

मी पाचर काढली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाचर माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "मधे किती वेळ गेला?"

"कशाच्या मधे?"

"ओ आणि शिंक यांच्या."

"थोडासाच. का?"

"काल माझ्या वेळेला त्याहून कमी होता," बाबा म्हणाले.

काम तर पुरं करायला हवं होतं. बाबा रोज तारा ताणायचे, पण पाचर ठोकायचं टाळायचे. शेवटी एका सकाळी टाळता येईना. सगळ्या तारा एकत्र कशा वाजतात ते ऐकल्याशिवाय पियानो परत देता येत नाही. मी शाळेच्या गणवेशात दारात उभी होते. बाबांनी पाचर ठोकली आणि दोघंही गप्प राहिलो.

बराच वेळ काही नाही.

मग... आत कुणीतरी रडायला लागलं.

बाई होती. आमच्या ओळखीची नाही. रडणं दाबायचा प्रयत्न करत होती, मधेच श्वास अडकत होता, मग नाक ओढल्यासारखं, आणि पुन्हा. माझ्या पाठीवर सरसरून काटा आला. बाबांनी पायानंच पाचर उडवली.

"त्या बाई असतील का?" मी कुजबुजले. "गाणं शिकवणाऱ्या... वारलेल्या?"

"शाळेला उशीर होतोय तुला," बाबा म्हणाले.

खरं सांगू? वारलेल्या बाई असत्या तर बरं झालं असतं. भूत म्हटलं की निदान ते झालेल्या गोष्टीचं असतं.

त्याच संध्याकाळी बाईंची मुलगी पियानो बघायला आली. बँकेत काम करणारी, नीटनेटकी, चेहऱ्यावर हसू. बाबांनी स्टूल पुढे केलं. तिनं एक पट्टी दाबली. मग तीच पुन्हा.

"आई रोज पहिला हाच सूर लावायची," ती हसत म्हणाली.

आणि तिला रडू फुटलं.

दाबलेलं. मधेच श्वास अडकलेलं. नाक ओढलं. आणि पुन्हा.

सकाळचंच रडणं होतं. हुंदक्याला हुंदका.

मी बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

ती गेल्यावर बाबांनी मला बोलावलं. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावला होता, खोलीत जेमतेम उजेड.

"टिटवे, ती हाक कशी होती?"

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं.

'हो' म्हणायच्या आधी ओ. शिंकेच्या आधी ओ. रडण्याच्या आधी ओ. आणि त्या शनिवारी, पाचर ठोकलेली असताना, माझ्या पाठीमागून...

बाबांनी ती हाक मारली नव्हती.

अजून मारली नव्हती.

"मोठी होती," मी म्हणाले. "खूप मोठी. आणि शेवटी फुटली."

"फुटली म्हणजे?"

मी करून दाखवायला गेले. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण ते मला जमलं नाही. पोरीचं काय होताना पाहून बाप तसं ओरडतो, ते बाबांना कळलं. मलाही कळलं.

"छोट्या आवाजाला थोडाच वेळ लागला," मी म्हणाले. "रडण्याला दिवस लागला. ही तर केवढी मोठी होती, बाबा. म्हणजे अजून कितीतरी लांब असेल. विजेसारखंच ना? जितकी लांब, तितका गडगडाट उशिरा."

"हो," बाबा म्हणाले. "पण येतो."

आईला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली. "पोरीच्या डोक्यात काय भरवताय? त्या हाकेनं ती वाचली, एवढं पुरे नाही का?" मग ती उठली आणि दुसऱ्या खोलीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, खूप वेळ. आईला पाणी वाया गेलेलं अजिबात चालत नाही.

पियानो गेला. माणसं आली, दोर बांधले, टेम्पोत चढवला. बाबांनी जायच्या आधी त्या मुलीला सांगितलं, "पेडल दाबून ठेवू नका." ती म्हणाली, "हो, आईपण असंच म्हणायची." बाबांनी विचारलं, का म्हणायच्या? ती म्हणाली, "माहीत नाही. आम्ही कधी विचारलं नाही."

टेम्पो गेल्यावर बाबा बराच वेळ फाटकात उभे होते. मग आत आले आणि म्हणाले, "चल गच्चीवर."

"कशाला?"

"हाक मारतो. मारून टाकतो एकदाची."

कल्पना त्यांची होती, आणि मला ती भारी आवडली. हाक मारायचीच आहे ना? मग कारण नसताना मारून टाकायची! उन्हात, मी समोर धडधाकट उभी असताना. म्हणजे संपलं. पुढे कधी मारायला नको.

बाबा गच्चीच्या या टोकाला, मी त्या टोकाला, मधे वाळत घातलेले कपडे. बाबांनी छाती भरून घेतली.

"टिटवेऽऽऽ!"

कबुतरं उडाली. मी हसायला लागले. बाबा पण हसले, त्या शनिवारनंतर पहिल्यांदा.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही. ही नव्हे.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. मी शाळेतून आले की. बाबांचा घसा बसतो, आई मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावते आणि दोघांनाही वेडे म्हणते. पण गच्चीचं दार तीच उघडून ठेवते. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. ते एकदा मास्क लावूनच वर आले.

"अहो, तुम्ही ओरडता आणि पेशंट माझं बोट चावतो!"

"माफ करा," बाबा म्हणाले. "मुलीच्या नाटकाची तालीम आहे."

"मग तिला ओरडू द्या की! तुम्ही काय करताय?"

मी हसून हसून कपड्यांच्या दोरीवर लोंबकळले. बाबा माझ्याकडे बघून ओरडले, "पडशील!" आणि माझं हसू तिथेच थांबलं. आम्ही दोघांनी कान दिला.

नाही. तीही नव्हती.

आमच्या घरात हल्ली असंच होतं. कुणी मोठ्यानं बोललं की आम्ही थांबून ऐकतो. मी जिना उतरताना बाबा खालून बघत राहतात. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात, या वयात, मैत्रिणींसमोर, आणि मी धरू देते. आणि त्या शनिवारपासून त्यांनी मला मोठ्यानं हाक मारलेली नाही. गच्ची सोडून कुठेच नाही. जेवायला बोलवायचं तरी उठून माझ्या खोलीपर्यंत येतात आणि खांद्याला हात लावतात.

एक मला आजही कळत नाही. वीज पडायच्या आधीच हाक आली. म्हणजे पियानोला हे विजेनं केलं नाही. मग कशानं? की बाबांची ती हाक एवढी मोठी असणार आहे, की तिची ओ त्या शनिवारपर्यंत मागे पोचली? आणि नेमकी तिथेच, खिडकीपाशी, मला वाचवायला? मला वाचवून तिनं पुढे काय केलं? डोकं गरगरतं. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर सांगा. नुसतं 'काळजी घे' म्हणू नका. ती घेतोच आहोत.

आज सकाळी शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही लवकर गेलो. आभाळ स्वच्छ. बाबांचा घसा आधीच बसलेला. त्यांनी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि हाक मारली.

माझ्या हातांवरचे केस उभे राहिले.

उडी तीच. लांबवणं तेच. मोठी तेवढीच.

"ही?" बाबांनी डोळे उघडून विचारलं. त्यांचे डोळे इतके आशेनं भरलेले होते, की मला 'हो' म्हणावंसं वाटलं. मला खोटं बोलता येतं. चांगलं येतं.

"जवळजवळ," मी म्हणाले. "फक्त शेवटी फुटली नाही."

बाबा तिथेच टाकीच्या कठड्यावर बसले. मी जाऊन शेजारी बसले.

"तसा मुद्दाम नाही फुटत गं आवाज," ते म्हणाले.

मग ते उठले, पुन्हा त्या टोकाला गेले, आणि त्यांनी छाती भरून घेतली.